डाव्या डोळ्याचं पाप

"बाहेर ये!" महाराज गरजले, आणि निवृत्त बसचालकाच्या डोळ्यातून पाप बाहेर आलं.

पाप पांढरट, पातळ आणि ओलसर होतं. गवताच्या काडीच्या टोकाला लोंबत होतं. महाराजांनी ते काचेच्या बशीत ठेवलं, बशी रांगेतून फिरली, आणि फर्निचरच्या त्या बंद पडलेल्या शोरूममध्ये दीडशे माणसांनी एकदम श्वास रोखला. सगळी सोफ्यांवर बसली होती. प्रत्येक सोफ्यावर 'कृपया बसू नये' अशी चिठ्ठी होती.

"आता कसं दिसतंय?" महाराजांनी विचारलं.

"लख्ख!" बसचालक म्हणाला आणि खांबावर आदळला.

"प्रकाश जरा जास्त झाला," महाराजांनी खुलासा केला. लोकांनी माना डोलावल्या. खांबानं काही म्हटलं नाही.

या गृहस्थांचं नाव पारदर्शी महाराज. ते पडद्यामागून येत आणि पडद्यामागे जात. त्यांच्याकडे येणारी माणसं एकाच प्रकारची: मोतीबिंदू काढून डोळ्यात कृत्रिम लेन्स बसवलेली, काही वर्षं छान पाहिलेली आणि आता पुन्हा धुक्यात गेलेली. "डॉक्टरनं काच बसवली," महाराज सांगत, "पण तुमचं पाप कुणी काढलं? ते काचेमागे साचतंय! मी काही विचारत नाही. मला दिसतं."

माझ्या आत्याचा नंबर सतरावा होता.

आत्या शिंप्यांसाठी हातानं काजं करते. तीस वर्षांत तिच्या काजातून बटण सुटलं, असं कुणी म्हटलेलं नाही. उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया सहा वर्षांपूर्वी झाली, डाव्याची दोन वर्षांपूर्वी. डावा ठणठणीत. उजव्यानं मात्र वर्षभर सगळं दुधात बुडवल्यासारखं दिसत होतं. गेल्या आठवड्यात तिनं एका कोटाला स्वतःची बाही शिवून टाकली आणि कोटासकट स्वयंपाकघरात निघून गेली.

"ऑपरेशन केलेल्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊ या," मी म्हटलं होतं.

"आधी महाराज. डॉक्टर लेझरनं डोळा जाळतात म्हणे."

"आणि हे काडी घालतात ते?"

"तू चष्म्याच्या दुकानात कामाला आहेस. चष्मे विक."

खरं तर मी चष्मे विकतही नाही. काचांवरची लेबलं न फाडता सोलणं हे माझं काम, आणि माझं एकमेव कौशल्य. पण डोळे उघडे ठेवायला कौशल्य लागत नाही. याआधीच्या दोन बैठकांत मी मागच्या सोफ्यावर बसून एक गोष्ट पाहिली होती. दाराशी शिष्य प्रत्येकाकडून शस्त्रक्रियेचं कार्ड घेत. 'कार्ड नाही तर दर्शन नाही.' प्रत्येक डोळ्याचं वेगळं कार्ड, आणि त्यावर लेन्सच्या नमुन्याचं छोटं स्टिकर असतं. महाराज आधी स्टिकरवर नजर टाकत, मगच त्यांना पाप दिसे.

म्हणून त्या सकाळी मी आत्याच्या दोन कार्डांवरची स्टिकरं सोलली आणि अदलाबदल करून चिकटवली.

"आत्या, तू काही सांगायचं नाहीस हं. महाराजांना सगळं दिसतं ना?"

"दिसतं."

"मग झालं."

माझा हिशेब सोपा होता. महाराज चुकीचा डोळा दाखवणार, आत्या ओरडणार, सोंग उघडं पडणार.

"सतरा!"

आत्या खुर्चीत बसली. महाराजांनी कार्डं पाहिली आणि डोळे मिटले. "माई, उजवा निर्मळ आहे. पाप डाव्यात दाटलंय!"

मी आत्याच्या ओरडण्याची वाट पाहिली.

आत्या ओरडली नाही. तिनं हात जोडले. "तुम्ही म्हणता तर असेल, महाराज."

शिष्यांनी तिचं डोकं मागे धरलं. काडी निघाली. ज्या एका डोळ्यावर आत्याचं पोट चालत होतं, त्याच्याकडे ती काडी चालली होती, आणि ती तिकडे मी पाठवली होती.

"थांबा!" मी सोफ्यावरून उडी मारली. "आत्या, उजवा डोळा झाक! शेजारच्या सोफ्यावरची चिठ्ठी वाच!"

"गाढवा, काय चाललंय तुझं?"

"वाच म्हणतो ना!"

तीस वर्षं बारीक टाका घातलेली बाई. वाच म्हटल्यावर वाचलंच. "'कृपया बसू नये. डाग पडल्यास भरपाई द्यावी लागेल.'"

"आता डावा झाक."

आत्यानं डावा झाकला, मान पुढे काढली. "धुकं आहे," ती म्हणाली. "धुकं तर उजव्यात आहे."

"पाप सरकलं!" महाराज ओरडले. समोरच्या रांगेतल्या दोघांनी मानही डोलावली.

"सरकलं? मी इथं बसल्याबसल्या?" आत्यानं विचारलं. "नाक ओलांडून?"

महाराजांनी घाईनं काडी पुढे केली. आत्यानं त्यांचं मनगट धरलं. काजं करणाऱ्या बाईची पकड साधी नसते. त्यांच्या अंगठ्यावर चिकटपट्टी होती. आत्यानं ती नखानं उचकटली, तर खाली आणखी चार पापं घडी घालून ठेवलेली.

एक चिमटीत धरून तिनं चोळलं. "अहो, ही तर अंड्याच्या कवचाच्या आतली साल! रोज सकाळी सोलते मी."

महाराज पडद्यामागे गेले. त्या दिवशी ते परत आले नाहीत.

मी स्टिकरांचं सांगितलं तेव्हा आत्यानं भर जिन्यात माझा कान धरला. "माझ्या धड डोळ्यावर जुगार खेळलास?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी खरी स्टिकरं जागेवर लावून पाहिली. मी महाराजांचं वर्णन केलं. "हा माणूस पूर्वी माझ्याकडे लेन्स विकायला बॅग घेऊन यायचा," त्या म्हणाल्या. "कुठल्या लेन्समागे जाळं जास्त धरतं, हे त्याला तोंडपाठ."

"पण धरतं कशामुळे?" आत्यानं विचारलं.

"मोतीबिंदू काढला तरी त्याची पातळ पिशवी डोळ्यात ठेवतात. लेन्स त्या पिशवीत बसते. पिशवीत थोड्या पेशी उरतात आणि लेन्सच्या मागे सरकू पाहतात. तुमच्या उजव्या लेन्सची मागची कड गोल आहे, पेशी सहज पलीकडे जातात. डावीची कड काटकोनात कापलेली. ती पिशवीला घट्ट दाबते, पेशी बहुतेक तिथंच अडतात."

"कड नीट नसली की दोरे सुटणारच," आत्या म्हणाली.

"पण चौकोनी कड म्हणजे खात्री नव्हे हं. जाळं कमी धरतं, उशिरा धरतं, एवढंच. उपाय सोपा आहे. लेझरनं पिशवीच्या मागच्या भिंतीच्या मधोमध छोटं, स्वच्छ भोक पाडायचं."

"म्हणजे काज!" आत्या ताठ बसली. "एवढंच ना? मग आधी नाही का सांगायचं?"

काही मिनिटांत काज झालं. नंतर डोळ्यातला दाब तपासला, आणि डोळ्यासमोर वीज चमकली किंवा ठिपके वाढले तर लगेच यायला बजावलं. बाहेर बाकावर बसचालक बसला होता, काडी लागून डोळा लालभडक. आत्यानं त्याला आपल्यापुढचा नंबर घ्यायला सांगितलं, मग आठवलं की आपलं झालंय.

वाचकहो, गोल कडेला पुण्य कळत नाही आणि चौकोनी कडेला पाप. एकाच बाईच्या दोन डोळ्यांत दोन निकाल लागले, तर बाई तपासू नका, लेन्स तपासा. आणि कुणी म्हणालं, 'मला सगळं दिसतं,' तर एवढंच बघा, की त्याआधी त्यानं काय वाचलं. शंका विचारल्यानं कुणाचा डोळा जात नाही. न विचारल्यानं आमच्या आत्याचा जाता जाता राहिला.

लेझरच्या दुसऱ्या दिवशी तिनं डावा डोळा झाकून सुईत दोरा ओवला, पहिल्या झटक्यात. मग तो राहिलेला कोट घेतला आणि आधी स्वतःची बाही दूर सरकवली.