दोनशे पस्तीस

घड्याळजी तीन दिवस ताटावर नुसते बसून उठत होते. त्यांची धाकटी बहीण नवऱ्याबरोबर शिडाच्या बोटीतून लांबच्या सफरीला गेलेली. रोज सकाळी साडेसातला रेडिओवरून "दादा, ठीक आहोत" एवढं तिने सांगायचं आणि यांनी ओ द्यायची, हा नेम. सोमवारपासून सेटमधून खरखरीशिवाय काही येईना. दोघांचं ठरलेलं होतं: काहीही झालं तरी रेडिओवरचा ठरलेला आकडा सोडायचा नाही, नाहीतर एकमेकांना शोधत फिरत बसू. घड्याळजी दोनशे पस्तीसवर ठाण मांडून बसले आणि मनातल्या मनात बहिणीची बोट दहा वेळा बुडवून झाली.

चौथ्या सकाळी बायको म्हणाली, "अहो, रविवारी सेटची ती आकड्यांची चकती काढून पुसलीत ना? परत नीट बसलीय कशावरून?"

"चाळीस वर्षं घड्याळांचे काटे बसवतोय मी," ते उखडले. "मला शिकवतेस?"

"शिकवत नाही. बघा म्हणतेय."

बायकोचं ऐकलं असं दिसू नये म्हणून त्यांनी आधी सावकाश चहा संपवला. मग सेटची तपासणीची कळ दाबली. सेटमधला क्वार्ट्झचा तुकडा दर शंभराच्या आकड्यावर खूण देतो: जवळ जावं तशी शिट्टी ऐकू येते, खाली खाली उतरते आणि नेमक्या जागी विझते. दोनशेवर शिट्टीचा पत्ताच नव्हता. त्यांनी बटण फिरवत नेलं. दोनशे पाचच्या आसपास ती चिरकली आणि विझली दोनशे सातवर.

घड्याळजींचा चेहरा पडला आणि लगेच खुलला. म्हणजे बहीण गप्प नव्हती, आपणच भलत्या दारात बसलो होतो! स्वतःची चूक सापडल्याचा एवढा आनंद त्यांना जन्मात झाला नव्हता. बटण घट्ट धरून त्यांनी नुसती चकती सरकवली, दोनशेवर आणली, स्क्रू आवळला आणि खऱ्या दोनशे पस्तीसवर जाऊन कान टवकारले.

साडेसात वाजले. मिनिटभर नुसती खरखर. मग आवाज आला, अगदी शेजारच्या खोलीतून यावा तसा.

"दादा, आज चौथा दिवस. तू बरा आहेस ना रे? वहिनी, कुणीतरी बोला हो! मला खरं काय ते सांगा."

घड्याळजींनी माइक उचलला आणि कळ दाबली. बायकोने तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

"आहेत गं, धडधाकट आहेत," ती म्हणाली. "रडताहेत नुसते. थांब जरा."