नाव चालू झाली

"बंद हाय तेच बरंय म्हनते ना मी! कामून उठवायलाव त्या मेलेल्याला?"

चतुराबाई देवळाच्या ओट्यावरून ओरडत होती. गळ्यात वीणा होती, म्हणून तिला खाली येता येत नव्हतं. आमच्या वाडीच्या सप्त्याचा सहावा दिवस. सात दिवस वीणा भुईला टेकवायची नसते. एकाच्या गळ्यातून काढायची ती दुसऱ्याच्या गळ्यात घालायची. वाडी लहान, म्हणून आमच्यात बायाही वीणेचा पहारा धरतात.

खाली गंगेच्या काठाला तिचा नवरा आश्रुबा नावेच्या मोटारीचे बोल्ट सोडवत बसला होता. बंधाऱ्याचं पाणी अडलं तेव्हापासून वाडीला तिन्ही अंगानं फुगवटा अन् चौथ्या अंगाला गुडघाभर चिखल. आश्रुबाची नाव हीच आमची यष्टी. पंधरा दिवसांमागं तिचं इंजिन जाम झालं. अन् उद्या काल्याच्या कीर्तनाला राणीसावरगावचे बुवा आठ टाळकरी घेऊन येणार. वल्ह्यानं तेवढी माणसं ओढायची तर आश्रुबाचे खांदे उतरले असते.

"तिचं ऐकू नको," आश्रुबा भाच्याला म्हणाला. "बुवाला काय पवत आनायचं का?"

भाचा भागवत, गंगाखेडला मोटरसायकली दुरुस्त करणारा. त्यानं भंगारातून त्याच जातीच्या मोटारीचं इंजिन हुडकून आणलं होतं. खालचा दांडा आणि पंखा जुनाच ठेवायचा, वरचं इंजिन तेवढं बदलायचं. गंजलेला एक बोल्ट सुटता सुटेना. त्याला दोन तास रॉकेल पाजलं, तेव्हा कुठं तो हलला. मग जुनं इंजिन उचलून खाली ठेवलं अन् आम्ही तिघांनी दुसरं वर धरलं. ते दोन बोटं वरच अडून बसलं.

"जोर लावू नका मामा, मोडंल. दाते दात्यात बसंनात. गेर टाका अन् पंखा हातानं फिरवा. हळू."

आश्रुबा पाण्यात उतरला. रामकृष्णहरी म्हणत म्हणत एकेक बोट पंखा फिरवत गेला. मधेच खट्ट झालं आणि इंजिन आपसूक खाली बसलं.

"कुडी तीच, जीव दुसरा," मी म्हणालो. टाळ कुटून कुटून आमच्यासारख्याला तसंच सुचतं.

"जीव आला का न्हाई ते मुतल्यावर कळंल, दत्तरावमामा," भागवत बोल्ट आवळत म्हणाला. या मोटारी नदीचं पाणी वर ओढून अंग गार ठेवतात अन् मागून बारीक धार सोडतात. धार नाही आली की समजायचं, जळाली.

दोरीच्या पाचव्या हिसड्याला इंजिन गरजलं. निळा धूर झाला. मागून सुतासारखी धार पडली.

"मुतलं! मुतलं!" काठावरची बायापोरं हसू लागली. पंधरा दिवसांत वाडी एवढी हसली नव्हती.

तेवढ्यात काठावर उभ्या सितारामचा फोन वाजला.

पल्याडच्या काठाला मुकादम वैजीनाथ चार दिवसांपासून ट्रक लावून बसला होता. सितारामची सगळी टोळी, म्हणजे आमची तरणीताठी वाडीच, ऊसतोडीला न्यायला. नाव बंद हाय, काला झाल्याबिगर यावं कसं, असं सितारामनं त्याला सांगितलं होतं. गोष्ट खरी होती, म्हणून सांगताना सगळ्यांना गोड वाटत होती.

"काय सिताराम, नाव बरी झाली म्हन की!" वैजीनाथचा आवाज आम्हालाही ऐकू आला. "दुपारपस्तोर भरा. कारखान्याची गाडी हाय, देवाची न्हाई थांबाया. न्हाईतर दुसरी टोळी घिऊन जातो."

आश्रुबानं इंजिन बंद केलं. पण आवाज पल्याड पोचला होता. तो माघारी कसा आणणार?

"म्या म्हनलं व्हतं," ओट्यावरून चतुराबाई एवढंच बोलली.

"आश्रुबाकाका," सिताराम खाली बघत म्हणाला, "गाडी चुकली तर सा महिने खावं काय?"

आश्रुबानं इंजिनाच्या दोरीला हिसडा दिला.

सात खेपा झाल्या. गाठोडी, शेळ्या, तवे, तान्ही लेकरं. जाताना सितारामची बायको रुख्मिणी ओट्यापाशी थांबली, पदरातल्या लाह्या तिनं चतुराबाईच्या पायापाशी ठेवल्या. "काल्यात घाला. आमच्या वाटनीच्या." मग प्रत्येक घरानं तसंच केलं. प्रत्येक खेपेला धार बारीक पडत होती, पण पडत होती.

मागं उरलो आम्ही सात म्हातारीकोतारी अन् भागवत. वीणा आळीपाळीनं धरली, टेकू दिली नाही.

सकाळी बुवा आले. समोर आम्ही आठ, मागं त्यांचे टाळकरीच आठ. बुवांनी एकदा मोकळ्या मांडवाकडं बघितलं अन् हजारांपुढं गावं तसं गायले. असं कीर्तन मी पुन्हा ऐकणार नाही.

दहीहंडी मात्र उंच बांधली होती. चढायला कोणी नव्हतं. बुवांनी स्वतः दोरी सैल केली, चतुराबाईचा हात पुरेपर्यंत हंडी खाली आणली. तिनं काठीनं फोडली. वीणा उतरली, सप्ता झाला.

बुवांना पोचवून आश्रुबा माघारी आला. काला दोन घमेली उरला होता. घरोघरच्या लाह्या, आंबट होत चाललेलं दही. त्यानं घमेली नावेत ठेवली.

"मामा, दोरी वडू का?" भागवतनं विचारलं.

"नगं. आता कुनाला घाई हाय?"

वल्हं मारत तो मध्यावर गेला. मूठभर काला गंगेत सोडला.

"सितारामची," म्हणाला. दुसरी मूठ सोडली. "आन ही रुख्मिणीची."

असं गेलेल्यांचं एकेक नाव घेत राहिला. चतुराबाई काठावर बोटं मोजत उभी होती. तो थांबला तेव्हा तिनं ओरडून सांगितलं,

"नर्मदाबाईच्या तान्हीची राह्यली!"