बर्फावरचा सडा

मार्शल यांचा निम्मा जन्म बर्फात गेला होता. वसईकडच्या एका बंदरावर बर्फाचा कारखाना होता, तिथे एकतीस वर्षं. खाऱ्या गार पाण्यातून लोखंडी डबे वर यायचे, बाहेरून पाणी लागलं की अख्खी लादी सुळकन सुटायची. तिच्यावर आकडा ठोकला की आवाजावरून मार्शलना कळायचं, ही पक्की की पोटात भुसभुशीत. कारखाना सोडला त्या दिवशी ते बायकोला, जोसेफिनला म्हणाले होते, "आता बर्फाचं तोंड बघणार नाही." पुढे मुलाने, बेन्सनने, दोघांना मेलबर्नला वेरिबीत आणलं आणि बर्फ मागोमाग घरात आला.

तो आणला नातीने. हॅना दहा वर्षांची असताना मैत्रिणीच्या वाढदिवसाला शहरातल्या बर्फाच्या रिंकवर गेली आणि तिथे तिने कर्लिंग पाहिलं. वीस किलोचा गोल दगड बर्फाच्या लांब पट्टीवरून सरकवायचा, तो पलीकडच्या वर्तुळांच्या मध्याजवळ थांबला पाहिजे. दगडाच्या पुढे दोघी जणी ब्रशने बर्फ घासत पळतात, म्हणजे तो जरा लांब जातो. घरी येऊन हॅनाने सांगितलं, मला हेच खेळायचंय.

"घरात हिच्या हाताला कधी झाडू लागला नाही," जोसेफिन म्हणाली, "आणि तिकडे परक्याचा बर्फ झाडणार."

पहिलं वर्ष हॅना दगडापेक्षा स्वतःच जास्त घसरली. गुडघे काळेनिळे. पण पोर चिवट निघाली. तेराव्या वर्षी क्लबच्या मुलींत दुसरी आली, चौदाव्या वर्षी राज्याच्या संघात. ऑस्ट्रेलियात हा खेळ खेळणारी माणसं एका लग्नाच्या मांडवात मावतील एवढीच, असं बेन्सन म्हणायचा. पण त्या मांडवातही पहिल्या पंगतीत बसायला मिळणं सोपं नव्हतं. दर शनिवारी बेन्सन गाडी काढायचा, मागे हॅना आणि मार्शल. डबा जोसेफिनचा.

रिंक आइस हॉकीवाल्यांची होती. त्यांचं झालं की कर्लिंगवाले भाड्याच्या वेळात स्वतःच बर्फ तयार करायचे. पाठीवर पाण्याचा डबा, हातात नळी, नळीला झारीसारखं तोंड. उलटं चालत चालत हात डावी-उजवीकडे झुलवायचा, म्हणजे पाण्याचे थेंब पडतात, गोठतात, आणि त्या बारीक दाण्यांवरून दगड पळतो. सगळे त्याला पेबल म्हणायचे. जोसेफिनने एकदा पाहिलं आणि म्हणाली, "हा तर सडा." तेव्हापासून घरात त्याचं नाव सडाच झालं. ज्या म्हाताऱ्याकडे हे काम होतं त्याचा गुडघा गेला, तेव्हा मार्शलनी न विचारता डबा पाठीवर घेतला. पहिल्याच दिवशी दाणे इतके सारखे पडले की हॅनाच्या कोचबाई वाकून बघत राहिल्या. "मार्श, मेट, कुठे शिकलास?" मार्शलना एवढं इंग्रजी बोलायचं म्हणजे घाम. ते म्हणाले, "आइस फॅक्टरी. थर्टी वन इयर्स." तेवढ्याने भागलं.

बर्फाच्या वासाने त्यांना जुने दिवस आठवायचे. पहाटेच्या होड्या, त्या चालवणाऱ्या तांडेलांच्या हाका, ओली गोणपाटं, हाताला बसलेला चटका. ते हॅनाला सांगायला जायचे. हॅना ऐकायची, पण उत्तर इंग्रजीत. तिच्या तोंडातून मराठी काढायला पकड लागायची.

हॅना सोळा वर्षांची झाली त्या हिवाळ्यात देशाच्या ज्युनियर संघाची निवड आली. न्यूझीलंडला जायला चार मुली हव्या होत्या, शिवाय पाचवी राखीव. तीन नावं दुपारपर्यंत ठरली. चौथी जागा हॅनाची की टेगनची, यावर घोडं अडलं. टेगन उंच, अबोल, जिलाँगहून यायची. कोचबाईंनी ठरवलं, दोघींनी एकेक दगड टाकायचा. जिचा मध्याच्या जवळ, ती आत.

त्यासाठी शेजारची ताजी पट्टी तयार करायची होती. मार्शलनी सडा घातला. पण त्या दिवशी त्यांनी घाईत डबा पुरता भरून घेतला नव्हता. शेवटच्या टोकाला, डाव्या अंगाला, नळीतून नुसती फुरफुर आली. तिथे दाणे विरळ पडले. बघणाऱ्याला काही दिसलं नसतं. मार्शलना कळलं की तिथे दगड मंदावणार. पुन्हा भरायला वेळ नव्हता, रिंकची वेळ संपत आली होती. चूक त्यांची होती, आणि ती कोचबाईंना सांगायलाच हवी होती. इंग्रजी शब्द जुळवत ते उभे होते तेवढ्यात त्यांचा चेहरा वाचून हॅना घसरत जवळ आली.

"आजोबा," ती हळूच म्हणाली, "कुठली बाजू मंद आहे? मला सांग ना. कोणाला नाही कळणार."

अख्खं मराठी. एकही इंग्रजी शब्द नाही. सहा वर्षांत तिने एवढं सरळ, एवढं गोड कधी मागितलं नव्हतं. टेगन चार पावलांवर उभी राहून ब्रश पुसत होती. तिला खरंच काही कळलं नसतं.

मार्शलच्या ओठावर आलं होतं, "डावी." पण मग त्यांना पास्कू तांडेल आठवला. बंदरावर एकदा बर्फाची टंचाई पडली होती. मार्शलनी पक्क्या लाद्या सख्ख्या भावाच्या होडीला काढून दिल्या आणि पास्कूच्या होडीत भुसभुशीत भरल्या. दिसायला सगळ्या सारख्याच. चार दिवसांनी पास्कू परतला तेव्हा होडीतली सगळी पापलेटं मऊ पडली होती. तो भांडला नाही. कारखान्याच्या दारात आला, मार्शलकडे बघितलं आणि म्हणाला, "मला वाटलं, तुझा हात सगळ्यांना सारखा." पुन्हा तो त्यांच्याकडे बर्फाला आला नाही. चर्चमध्ये भेटायचा, मान हलवायचा, तेवढंच.

मार्शलनी घसा खाकरला.

"लिसन," ते मोठ्याने म्हणाले. टेगनने वर पाहिलं, कोचबाईंनीही. "लेफ्ट साइड, लास्ट पार्ट, स्लो. माय मिस्टेक. वॉटर फिनिश."

हॅनाचा चेहरा उतरला. 

कोचबाई म्हणाल्या, "नो वरीज, मार्श. दोघींना माहीत आहे, झालं."

हॅनाचा दगड सुरेख गेला. उजव्या अंगाने वळत मध्यापासून वीतभर लांब थांबला. मग टेगन. तिनेही उजवी बाजू धरली. एरवी ती डावीकडूनच टाकायची, हे रिंकवर सगळ्यांना ठाऊक होतं. तिचा दगड चार बोटांवर येऊन थांबला. मोजायची पट्टी कोणी आणलीच नाही.

परतीच्या वाटेवर पॉइंट कुकजवळ बेन्सन चिप्स आणायला उतरला. गाडीत दोघंच.

"यू कुड हॅव जस्ट टोल्ड मी," हॅना काचेकडे बघत म्हणाली.

"सांगितलं की."

"मला. ओन्ली मी."

मार्शलनी तिला पास्कूची गोष्ट सांगितली. भावाचं नाव लपवलं नाही, स्वतःचंही नाही. हॅना ऐकत होती.

"मग तू सॉरी म्हणालास?"

"नाही. म्हणेन म्हणेन म्हणत वर्षं गेली. मग तो गेला."

तिने काचेवर बोटाने एक गोल काढला. मग म्हणाली, "कोच विचारतेय, पाचवी म्हणून येशील का. पाचवीला खेळायला मिळत नाही. बर्फ बघायचा, दगड तपासायचे, चौघींना सांगायचं. आय सेड, आय विल थिंक."

"तुला काय वाटतं?"

"मला खेळायचं होतं."

"ते माहीत आहे मला."

"आणि चौथी मी असते."

"असतीस," मार्शल म्हणाले. 

बेन्सन चिप्स घेऊन आला, दोघांची तोंडं बघून त्याने गाडी सुरू केली. हॅनाने फोन काढला, काहीतरी लिहिलं, पुसलं, परत लिहिलं.

"काय कळवलंस?" मार्शलनी विचारलं.

"येते म्हणून. टेगनला बर्फ वाचता येत नाही. तिला कोणीतरी सांगायला हवं." फोन खिशात टाकत ती म्हणाली, "बट आय ॲम स्टिल अँग्री विथ यू."

"बरं," मार्शल म्हणाले आणि चिप्सचा पुडा तिच्यापुढे धरला. तिने तो बाजूला सारला. वेरिबी येईपर्यंत त्यांनी तो तसाच मांडीवर धरून ठेवला.