रू जोलीवरचा ओकाबोका गुलाब

मी एक जुना गुलाब आहे, आणि मित्रांनो, आज तोंड लपवायला माझ्याजवळ एक पाकळीही उरलेली नाही.

न्यूझीलंडमधल्या अकारोआ गावात, रू जोली नावाच्या रस्त्यावर मी राहतो. फार वर्षांपूर्वी फ्रान्सहून जहाज आले, तेव्हा एका बाईने माझी काडी वाटेत सुकू नये म्हणून बटाट्यात खोचून आणली. इथे इंग्रजांचा झेंडा आधीच लागला होता, आणि माओरी तर त्याच्याही कितीतरी आधीपासून नांदत होते. बाई तरीही घर बांधून राहिल्या. त्यांचे बाळ पहिल्याच वर्षी गेले. तेव्हापासून वसंतातली माझी पहिली फुले टेकडीवरच्या फ्रेंच दफनभूमीत त्या बाळाच्या थडग्यावर जातात. आता हे काम त्यांच्या वंशातल्या ओडेटबाई करतात. एरवी पर्यटक येतात, लाकडी झडपांची घरे, जुने दीपगृह आणि मला फोनमध्ये भरून नेतात. त्या कौतुकाने मी जरा फुगलोच होतो.

परवा समोरच्या भाड्याच्या घरात क्राइस्टचर्चची फार्मासिस्ट श्रुती आणि सांगलीहून आलेली तिची आई शांताबाई उतरल्या. सकाळी शांताबाई पिशवी घेऊन फिरायला निघाल्या. कुंपणाबाहेर झुकलेले फूल देवाचे, हा तुमच्याकडचा कायदा मला तेव्हा कळला. मग हात कुंपणाच्या आतही गेला आणि मी पार ओकाबोका झालो. खरे सांगू? मी सुखावलो. इतकी वर्षे फोटो निघाले, पण देवाला मला कुणी वाहिले नव्हते.

थोड्या वेळाने ओडेटबाई कात्री आणि टोपली घेऊन आल्या. एकेक फांदी उचलून पाहू लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. श्रुती चौकशीला बाहेर आली, सगळे ऐकले आणि तडक घरात परतली. उघड्या खिडकीतून मला सगळे दिसत होते, ऐकूही येत होते.

"आई, ती फुलं एका बाळाच्या थडग्यासाठी होती! बॅग भर, आपण गुपचूप निघू. सो एम्बॅरेसिंग!"

"चोरासारखं? मुळीच नाही." शांताबाई म्हणाल्या. "पण देवाला वाहिलेली फुलं परत कशी गं द्यायची? निर्माल्य झाली ती."

मग त्यांनी ओट्यावरच्या गणपतीला हात जोडले, फुले ताटात काढली आणि रस्ता ओलांडून आल्या.

"सांग त्यांना, न विचारता तोडली, चुकलं माझं. आणि हा देवाचा प्रसाद आहे म्हणावं. लेकराला चालेल का, विचार."

श्रुतीने मान खाली घालून सांगितले. ओडेटबाईंनी फुले टोपलीत घेतली आणि एक तेवढे ताटात परत ठेवले.

"तुमच्या देवापुढे रिकामं नको दिसायला," त्या म्हणाल्या.

त्या रागावल्या असत्या तर शांताबाई सावरल्या असत्या. त्या एका फुलाने मात्र त्यांना रडू कोसळले. आणि देवाला वाहिले म्हणून सुखावलेला मी, माझी मलाच लाज वाटली.

मित्रांनो, फूल देवाला हवे असो की लेकराला, आधी दार वाजवा. अंगभर काटे असले, तरी मला नाही म्हणता येत नाही.