एकवीस कुलपांचं दार

प्रदर्शनासाठी जुनं दार हवंय, असं आमची सूनबाई म्हणाली तेव्हा मला वाटलं, रंगवणार असेल. पण तिला कलादालनाच्या कोपऱ्यात प्लायवूडची छोटी खोली उभारून त्या खोलीला ते बसवायचं होतं. दाराला एकवीस कुलपं, समोर टबभर किल्ल्या, आणि त्यातली एकही कुठल्याच कुलपाला लागणार नाही. लोकांनी खटपट करायची आणि हात हलवत परत जायचं. याला कला म्हणतात, हे मला या वयात कळलं.

पण पोरगी थट्टा करत नव्हती. सहा वर्षं तिने दालनांचे उंबरठे झिजवले होते आणि सगळ्यांनी गोड बोलून तिला वाटेला लावलं होतं. हे तिचं पहिलंच प्रदर्शन. जेवताना ती सासऱ्यांना म्हणाली, "बाबा, मला काय वाटायचं ते लोकांच्या हाताला कळू दे." आमचे हे घास हातात धरून तसेच बसले.

यांचं कुलूपकिल्लीचं दुकान आहे, चाळीस वर्षांचं. सूनबाईने भंगारातून बिनकिल्ल्यांची कुलपं आणली आणि गंज काढायला यांच्याकडे सोपवली. महिनाभर दुकानात कानस चालू होती. गंज काढायला इतकी कानस लागत नाही, हे कळायला मी काय काल लग्न होऊन आले? डबा द्यायला गेले तर हे नवी किल्ली उजेडाकडे धरून घासत होते. एकवीस कुलपांना एकवीस किल्ल्या, टबात गुपचूप मिसळायला. जित्याची खोड, दुसरं काय. मला म्हणाले, अळीमिळी गुपचिळी. मीही मूग गिळून गप्प बसले, हे कबूल करते.

पहिल्या दिवशी तासाभरातच एका आजींनी एक कुलूप उघडलं. आधी सूनबाईला योगायोग वाटला. मग दुसरं उघडलं, तिसरं उघडलं, लोक टबाभोवती गर्दी करू लागले आणि तिचा चेहरा उतरत गेला. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

शेवटचं कुलूप अडलं. आजी झटापट करत होत्या तेवढ्यात दाराच्या आतून आवाज आला, "जरा दाबून फिरवा, लागेल."

दार उघडलं. आत स्टुलावर आमचे हे, मांडीवर तेलाची झारी. कुलूप अडलं तर असावं कुणी, म्हणून खोलीच्या मागच्या फटीतून शिरून सकाळपासून बसले होते.

"बाबा, हे उघडायचं नव्हतं," सूनबाई म्हणाली.

"माहीत आहे." हे झारीकडे बघत म्हणाले, "सहा वर्षं सगळ्यांनी तुला दारं लावून घेतली. माझ्या हाताखालून गेलेली कुलपंही तुला बंदच राहिली, तर मी इतकी वर्षं केलं काय?"

मला भीती वाटली, आता घर मोडतंय. यांना आतच ठेवून तिने दार ओढून घेतलं, एकवीसही कुलपं एकेक करून लावली, किल्ल्या टबात टाकून हाताने कालवल्या. लोकांना वाटलं, संपलं.

मग तिने दालनाच्या पहारेकऱ्याचं स्टूल उचललं आणि मागच्या फटीकडे निघाली.

"करा सुरू," जाताना ती लोकांना म्हणाली. "आम्ही दोघं आत आहोत."