भाच्याचा प्याला

माझा भाऊ गेला, त्याची सरदारकीची पदवी त्याच्या मुलाला, सिओसायाला मिळायची होती. त्या दिवशी कावा नावाचं मुळ्यांचं पेय पिण्याच्या रिंगणात मी जे केलं त्यावरून आमच्या बेटावर अजून तोंडं वाजताहेत. वाजू देत.

सिओसायाला लहानपणापासून फिट येतात. त्यावर रोज एक गोळी. दवाखान्यातल्या ओफा नर्सने आम्हाला नीट समजावलं होतं, की गोळी पोटातून रक्तात उतरते, रक्तातून डोक्यात जाते आणि शरीर तिला हळूहळू मोडून बाहेर टाकतं. म्हणून रोज थोडी भर घालायची. कमी पडली तर फिट, जास्त झाली तर झोप, आणि फारच झाली तर माणूस श्वास घ्यायलाही विसरतो. कावाही झोपच आणतो, त्यामुळे दोन्ही एकत्र नकोत.

एवढं मला कळलं. आमच्या हेनेलेला कळलं नाही. हेनेले म्हणजे विधीत सगळ्यांच्या वतीने बोलणारा म्हातारा. त्याने पोराला सांगितलं, "पदवीचा प्याला स्वच्छ अंगाने घ्यायचा. गोळ्या बंद कर." पोराने केल्या. मला कोणी विचारलंसुद्धा नाही.

विधीच्या सकाळी माझी भावजय, कालोलाईने तिचं नाव, धापा टाकत आली. "वन्सं, घात झाला! रिंगणात फिट येईल म्हणून घाबरला, अन् राहिलेल्या सगळ्या गोळ्या एकदम गिळून बसला!"

"एकदम? त्या काय चुकलेल्या प्रार्थना आहेत, एका रविवारी म्हणून टाकायला? आणि तू काय करत होतीस?"

"मी डुकराच्या भट्टीपाशी होते हो!"

तिला ओफाकडे पिटाळलं आणि मी मैदानाकडे धावले. रिंगण बसलं होतं. कावा कुटून, कालवून तयार होता. सिओसाया आमच्या रिवाजाप्रमाणे कमरेला बापाची चटई गुंडाळून बसला होता, मान मात्र एका बाजूला कलंडत होती. ओठ लोंबलेले. मी मागून हेनेलेच्या कानाशी लागले.

"थांबव हे. पोराने मूठभर गोळ्या खाल्ल्यात."

"बाई, विधी सुरू झालाय. मध्ये थांबत नसतो. लाजलाय तो, दुसरं काही नाही."

"लाजलेल्या माणसाची लाळ गळते होय रे?"

"एका प्याल्याने कोणी मरत नाही."

"पोटात काय आहे, त्यावर ठरतं ते!"

त्याने मान फिरवली आणि सिओसायाचं नवं नाव पुकारलं. जो पिताच पदवी मिळते, तो प्याला निघाला. पोराने हात पुढे केले तर ते हवेतच चाचपडत राहिले.

आमच्याकडे भावाच्या लेकरावर आत्याचा हक्क सगळ्यात वरचा. त्याच्या ताटातला घास मी उचलला तर राजासुद्धा हात धरणार नाही. पण पदवीचा प्याला? तो आजवर कुठल्याही आत्याने उचललेला नव्हता. मी हेनेलेच्या मागून निघाले, रिंगण ओलांडलं, पोराच्या हातात टेकू पाहणारा प्याला काढून घेतला आणि घटाघटा पिऊन टाकला. तोंड सुन्न झालं, पण आवाज शाबूत होता.

"या पोरावर माझ्यापेक्षा मोठा कोण आहे इथे? असेल त्याने उठावं!"

कोण उठणार? मागच्या बाया मात्र खिदळल्या, "पदवी आत्याबाईंनाच मिळाली की!"

तेवढ्यात सिओसाया आडवा झाला. कालोलाईनेबरोबर धावत आलेल्या ओफाने त्याला कुशीवर वळवलं. श्वास इतका सावकाश, की पुढचा येईपर्यंत कालोलाईने माझा दंड पिळत होती. त्याला होडीतून मोठ्या बेटावरच्या इस्पितळात नेलं. डॉक्टर म्हणाले, वर कावा गेला असता तर वाचवणं कठीण होतं.

शुद्धीवर येताच भाचा काय म्हणाला? "आत्या, सगळ्या गावासमोर माझा प्याला हिसकावलास. आता मी कोण?"

"जिवंत आहेस. बाकीचं नंतर बघ."

त्याने भिंतीकडे तोंड केलं. अजून माझ्याशी धड बोलत नाही.

गावी परतले तर हेनेलेचा निरोप येऊन पडलेला. विधी मोडला, तेव्हा बाईंनी चांगली चटई घेऊन यावं आणि मैदानात बसून माफी मागावी. त्याशिवाय नवा दिवस ठरणार नाही. मीच मागायची! ज्याने पोराच्या तोंडची गोळी काढली, तो सावलीत बसून माफी स्वीकारणार.

मी उलट निरोप धाडला, की चटई माझ्याकडे आहे, पण ती मी माझ्या दारात अंथरली आहे. हेनेलेने तिच्यावर येऊन बसावं आणि कालोलाईनेची माफी मागावी. तो आला नाही. माझ्या भावाची पदवी रिकामी पडली आहे. पडू दे. कालोलाईने रोज सकाळी लेकाच्या तळहातावर एक गोळी ठेवते आणि तो ती गिळेपर्यंत समोरून हलत नाही.