बोटभर कमी

चाळीस वर्षं गाड्यांखाली उताणं पडून काढलेल्या माणसाला निवृत्तीनंतर छताकडे बघत पडणं जड जाऊ नये, असं कुणालाही वाटेल. म्हाताऱ्या मिस्त्रीला मात्र ते भारीच जड गेलं. बायको गेल्यापासून घरात खुर्च्या दोन होत्या आणि बसणारा एक. सुरुवातीला गल्लीतले लोक विचारायला यायचे, सकाळी ब्रेक का किंचाळतो, वायपर काचेवर रेघा का ओढतो. पुढे सगळी उत्तरं मोबाईलवर मिळायला लागली. गरज सरो, वैद्य मरो.

उरली लेक. ती दूरच्या शहरात, जुनी गाडी चालवणारी. गाडीचं काही अडलं की तिचा फोन यायचा, एरवी नाही. बॅटरीच्या वायरी काढून वरची पांढरी भुकटी गरम पाण्याने कशी धुवायची, पंक्चर झालेलं चाक उचलण्याआधी नट कसे सैल करायचे, सगळं त्याने फोनवरूनच शिकवलं. पोरगी हुशार, एकदा सांगितलेलं पुन्हा विचारायची नाही. याचा त्याला अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही.

एका रविवारी ती म्हणाली, "बाबा, कूलंट कमी होतंय. आठवड्यात बोटभर."

"इंजिन चालू कर. फोन बॉनेटपाशी धर."

त्याने ऐकलं. बारीक घरघर. पाण्याचा पंप गळत होता, बदलायला हवा होता. वाक्य अगदी जिभेवर आलं. पण पंप बदलला की प्रश्न मिटणार, आणि मग पुढचा फोन कधी येणार?

"काही नाही गं. जुनी गाडी, तहान लागायचीच. दर रविवारी इंजिन गार असताना झाकण उघड, रेघेपर्यंत भर आणि किती कमी झालं ते मला सांग."

सात रविवार तिने इमानेइतबारे सांगितलं. बोटभर. बोटभर. दीड बोट. आणि फोन हातात आहेच म्हणून नातीचा पडलेला दात, ऑफिसातला खडूस साहेब, असं काहीबाही. रविवारी तो लवकर दाढी करून फोनपाशी बसायचा. इतकं सुख त्याला बऱ्याच वर्षांत मिळालं नव्हतं.

आठव्या रविवारी फोन आला तो दुपारी. गाडी हमरस्त्यावर तापून बंद पडली होती. वाफ, धूर, मागे ट्रकांचे भोंगे. शेवटी कुणीतरी ओढून गॅरेजात नेली.

"तिथला मिस्त्री म्हणतो, पंप गेलाय हे आवाजावरून कुणालाही कळलं असतं," ती तावातावाने सांगत होती. "मी चांगलं झापलं त्याला. म्हटलं, माझ्या वडिलांनी स्वतः ऐकलाय आवाज. तसं असतं तर त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं."

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्यालाही ठाऊक होतं. पण आपल्यासाठी लेक परक्याशी भांडली, हे त्याच्याने गिळवेना.

"मला कळलं होतं," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी."

"मग सांगितलं का नाही?"

"तू फोन करायची थांबली असतीस."



"माझी पोरगी होती गाडीत, बाबा," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

पुढच्या रविवारी तो दाढी करून बसला. नऊ वाजले, सव्वानऊ झाले. लाज वाटत होती, भीतीही वाटत होती, तरी त्याने फोन उचलला. तिचा नंबर वहीत शोधावा लागला. आजवर त्याने तो कधी लावलाच नव्हता.

"गाडी ठीक आहे," तिने उचलताच सांगितलं. "नवा पंप घातलाय. मला काही विचारायचं नाहीये."

"मी गाडीचं नाही बोलत."

"मग?"

जन्मभर लोकांनी विचारायचं आणि याने सांगायचं. स्वतः कुणाला काही विचारायची सवयच नव्हती. त्याने घसा खाकरला.

"जेवलीस का?"

"सकाळचे साडेनऊ वाजलेत, बाबा," ती म्हणाली, पण फोन ठेवला नाही.